पन्नास हजारांचं कार्ड आणि झिजलेलं रबर

वाचकांचे प्रश्न, दुरुस्तीच्या टेबलावरून उत्तरं

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव मानवतजवळ. लहानपणी आतेभावाच्या कॉम्प्युटरवर व्हाइस सिटी आणि आयजीआय खेळायचो. आता रूममेटने सव्वा लाखाचा पीसी घेतलाय. त्यावरचे नवे गेम बघून तोंडात बोट जातं, डबक्यातसुद्धा ढग दिसतो. पण दोन तास खेळलं की वाटतं, हे आपण आधीच खेळलोय. पळा, लपा, गोळी घाला, पडद्यावरच्या बाणामागे जा. मीही पन्नास हजारांचं ग्राफिक कार्ड घ्यावं म्हणतोय, कापूस विकला की पैसे देतो असं बाबा म्हणालेत. चित्र जेवढं सुधारलं तेवढा खेळ सुधारला का? की मीच मोठा झालोय?
– एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तू माझ्या पुतण्याच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

आधी माझं सांगतो, म्हणजे उत्तर कोण देतंय ते कळेल. १९९४ च्या उन्हाळ्यात मी परभणीला नानलपेठेत एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली होतो. परीक्षा संपल्या की दुकानात टीव्ही कमी आणि व्हिडिओ गेम जास्त यायचे. टीव्हीला जोडायचा तो डबा, दोन रिमोट, वर खोचलेली पिवळी कॅसेट आणि तिच्यावर छापलेलं ‘९९९९ इन १’. आत गेम निघायचे वीस-पंचवीस, बाकीचे तेच, नाव बदलून. तक्रार ठरलेली : बटण दाबलं तरी काही होत नाही. रिमोट उघडायचा, आतलं रबर काढायचं, की बटणाखालचा काळा कार्बनचा ठिपका उडालेला. पंधरा दिवसांत मी नुसतं रबर बघून त्या घरात कुठला गेम चालतो ते सांगायला लागलो. ‘ए’खालचं रबर फाटलंय म्हणजे मारिओ, सगळ्या उड्या. ‘बी’खालचं गेलंय म्हणजे कॉन्ट्रा, सगळ्या गोळ्या. चारही दिशा सारख्याच घासल्यात म्हणजे रणगाड्यांचा गेम, ज्याला आम्ही नुसतं ‘टँक’ म्हणायचो. मालक हसायचे, ‘तू तर नाडी बघायलास की रे.’

ती सवय गेली नाही. २००३ ला स्टेशन रोडला सहा कॉम्प्युटरचा कॅफे टाकला, २०१४ ला बंद केला, आता त्याच गाळ्यात दुरुस्ती करतो. गेम खेळणाऱ्याचा कीबोर्ड आला की आधी कुठली अक्षरं पुसलीत ते बघतो. वीस वर्षांत पुसणारी अक्षरं बदललेली नाहीत. डब्ल्यू, ए, एस, डी आणि खालची लांब स्पेस. चालणं आणि उडी. उरलेलं काम माऊसच्या डाव्या बटणाचं, म्हणजे गोळी. हाताला विचारलंस तर उत्तर हे आहे.

आता डोळ्याचं. माझ्या त्या जुन्या डब्याचं चित्र आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके, एकूण ६१,४४०. तुझ्या रूममेटचा पडदा ४के असेल तर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४००. भागून बघ, नेमके १३५ पट भरतात. हे नुसते ठिपके. सावल्या, धूर, पाण्यातला ढग यांचा हिशेब वेगळाच. १९८५ च्या मारिओची आख्खी कॅसेट ४० किलोबाइटची होती. जागा वाचवायची म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच चित्राचे केले, एक पांढरं रंगवलं, एक हिरवं. मी कितीतरी वर्षं ते खेळलो आणि माझ्या लक्षात आलं नाही. आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जे गुलाबाचं फूल आलं ते एकटंच त्या सबंध गेमपेक्षा जड होतं.

मग खेळ १३५ पट झाला का? खेळाला असं मापच नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. चित्र मोजता येतं म्हणून विकता येतं. माझ्याकडे पोरं येतात ती म्हणतात, ‘मामा, बारा जीबीचं कार्ड बसवायचंय.’ नवा नियम असलेला गेम सांगा, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. पोस्टरवर ओला रस्ता छापता येतो, नियम कसा छापणार? शिवाय चित्राला पैसा लागू पडतो. दहा चित्रकारांच्या जागी शंभर बसवले की झाडाला पानं वाढतात. नियमाला शंभर माणसं बसवून उपयोग होतोच असं नाही. तो एखाद्याला सुचतो, आणि पुष्कळदा अडचणीत सुचतो.

१९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स घे. जपानच्या तोमोहिरो निशिकादोने केलेला. वरून परग्रहावरच्या प्राण्यांच्या रांगा खाली सरकतात, तू खालून मारतोस. त्या मशीनच्या प्रोसेसरला इतके प्राणी एकदम हलवणं जड जायचं. जसजसे ते मरायचे तसतसं ओझं कमी व्हायचं आणि उरलेले आपोआप जोरात पळायला लागायचे. ही यंत्राची कमजोरी. निशिकादोने ती दुरुस्त केली नाही, तशीच राहू दिली. म्हणून त्या गेममध्ये शेवटचा प्राणी सगळ्यात चपळ असतो आणि शेवटी घाम फुटतो. पुढे जाईल तसा गेम अवघड होत जावा, ही आज बहुतेक गेममधली गोष्ट तिथे अशी अपघाताने बसली.

त्याहून मला आवडते ती प्रिन्स ऑफ पर्शियाची गोष्ट. १९८९, जॉर्डन मेकनर. हा गेम चित्रासाठीच नावाजला गेला. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक आकृती उतरवून राजपुत्राची चाल तयार केली. इतकी खरी चाल तोवर गेममध्ये नव्हती. पण त्या चालीनेच ॲपल टू कॉम्प्युटरची सगळी मेमरी खाल्ली. आता शत्रू कुठून आणायचा? त्याचं चित्र ठेवायला जागाच उरलेली नाही. तेव्हा त्याने राजपुत्राचंच चित्र घेतलं, ते स्वतःवरच जरासं सरकवून उलटंपालटं केलं, आणि झगमगती सावली तयार झाली. एक पैशाची मेमरी न वाढवता नवं पात्र. पण पात्र कसलं मिळालं बघ. राजपुत्र आरशातून उडी मारतो तेव्हा ती सावली बाहेर पडते, पुढे येऊन त्याच्या औषधाची बाटली पिऊन टाकते, दार लावून घेते. शेवटी तलवार घेऊन समोर येते. तू तिला मारलंस की तुझाच जीव कमी होतो. मग काय करायचं? तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं. दोघं एक होतात.

हे मला एका गिऱ्हाइकाच्या मुलाने दाखवलं होतं, तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून किती वेळ उभा होतो मला सांगता यायचं नाही. सगळा गेम ज्या बटणाने जिंकत आलास ते बटण सोडून देणं, हाच तिथला नियम. जागा शिल्लक असती तर मेकनरने तिथे एखादा धिप्पाड राक्षस उभा केला असता आणि आपण तो कधीच विसरलो असतो, असं मला वाटतं.

आज जागा संपत नाही आणि पैसा एवढा अडकतो की धाडस होत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत एका गेम कंपनीच्या खरेदीवरून मायक्रोसॉफ्टविरुद्ध खटला चालला होता. त्यात सोनीची कागदपत्रं दाखल झाली आणि काळ्या शाईने झाकलेले आकडे नीट झाकलेच गेले नव्हते. त्यावरून कळलं की ‘द लास्ट ऑफ अस’ या सोनीच्या गेमचा २०२० चा दुसरा भाग करायला सुमारे २२ कोटी डॉलर लागले. एवढे पैसे लावणारा माणूस आपल्याकडचा असो की तिकडचा, गेल्या वर्षी जे पिकलं तेच पेरतो. म्हणून तुला बाणामागे जावं लागतं. उंच मनोऱ्यावर चढा, नकाशा उघडेल, नकाशावर पन्नास खुणा येतील, त्या एकेक करून पुसा : हा साचा तू किती गेममध्ये पाहिलास ते तूच मोज.

कधी कधी चित्र वाढलं आणि खेळ उलट कमी झाला. तू व्हाइस सिटी खेळलास, त्यानंतरचा सॅन अँड्रियास, २००४ चा, तोही खेळला असशील. त्यात पात्राने जास्त बर्गर खाल्ले की पोट सुटायचं, पळताना धाप लागायची, जिममध्ये गेलं की दंड भरायचे. आमच्या कॅफेत एक पोरगा पैसे देऊन तासभर नुसता त्याला जिममध्ये व्यायाम करवायचा, स्वतः काडीपहिलवान. गल्ल्या जिंकून टोळीचा इलाका वाढवता यायचा. मग २०१३ ला याच मालिकेतला ‘जीटीए ५’ आला. शहर असं की बघत राहावं. पण पोट सुटणं गेलं, टोळ्यांचे इलाके गेले. नऊ वर्षांनी चित्र कुठल्या कुठे गेलं आणि नियम गळाले.

आयजीआयचं तू नाव काढलंस म्हणून सांगतो. २००० सालचा, नॉर्वेच्या एका कंपनीने केलेला. त्यात मोहिमेच्या मध्ये गेम साठवून ठेवायची सोयच नव्हती. मेलास की पहिल्यापासून. त्यावर तेव्हाच्या समीक्षकांनी टीका केली, आणि बरोबरच केली. पण आमच्या परभणीत त्याचं वेगळंच काहीतरी झालं. तेव्हा भारनियमन असं होतं की दिवसातले आठ-दहा तास लाईट नसायची. माझा यूपीएस जुना, दहा मिनिटं काढायचा. लाईट गेली की पाच पोरं उठून जायची आणि एकजण खुर्चीला चिकटलेला : ‘मामा, दहाच मिनिटं, शेवटच्या टॉवरपाशी आलोय, आई शप्पथ!’ मग उठून गेलेली पाचही परत यायची आणि त्याच्या मागे श्वास रोखून उभी राहायची. यूपीएसची टिकटिक वाढत जायची. तो जिंकला की अंधारात आरडाओरडा, शेजारच्या मेडिकलवाल्याच्या शिव्या. त्या गेमचं चित्र आज बघवत नाही, डोंगर म्हणजे रंगवलेले पुठ्ठे. पण त्या दहा मिनिटांसारखा खेळ मी सव्वा लाखाच्या पीसीवर पाहिलेला नाही. आता यात गेमचा वाटा किती आणि लाईटचा किती, हे मला विचारू नकोस.

एवढं बोललो म्हणून चित्राचा दुश्मन समजू नकोस. चित्राने खेळाला नवं अंगण दिलं ते मान्यच करायला पाहिजे. १९९६ च्या मारिओ ६४ मध्ये मारिओला पहिल्यांदा आजूबाजूला, वर-खाली सगळीकडे जागा मिळाली आणि उडी म्हणजे काय हेच बदललं. १९९८ च्या थीफमध्ये उजेड आणि अंधार हाच नियम झाला. सावलीत उभा राहिलास तर वाचलास. २००४ च्या हाफ-लाइफ २ मध्ये एक बंदूक आहे जी गोळी मारत नाही, पडलेली वस्तू उचलून फेकते. पंखा, करवतीचं पातं, पिंप, जे समोर असेल ते हत्यार. वस्तूंना वजन आलं नसतं तर ती बंदूक निघालीच नसती.

आणि २०१७ चा झेल्डा, ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. तो तर आपल्या शेतकऱ्याच्या पोराने खेळायलाच पाहिजे. त्यात गवत पेटवलं की गरम हवा वर उठते आणि त्या झोतावर तुला आकाशात जाता येतं. पऱ्हाट्या पेटवल्यावर वरची हवा कशी थरथरते ते तू बघितलंयस, तेच. वादळात अंगावर लोखंडी तलवार असेल तर वीज तुझ्यावर पडते. आपल्याकडे ज्येष्ठात आभाळ गडगडलं की आजी म्हणायची ना, विळा टाक हातातला! तिथे तो सल्ला अक्षरशः कामाला येतो. आणि गंमत अशी की हे सगळं करण्याआधी तो बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या लोकांनी या नियमांचा नमुना कुठल्या रूपात तपासला? १९८६ च्या पहिल्या झेल्डासारख्या सपाट, ठिपक्याठिपक्यांच्या चित्रात. झाड, आग, पाणी नीट खेळतात का ते तिथे बघितलं, डोंगरदऱ्या नंतर.

एका बाबतीत मी साफ चुकलो होतो, तेही लिहितो. २०१८ ला फोनवर पबजी आला तेव्हा मी पोरांना म्हणालो, यात काय नवीन, कॉन्ट्राच तो. मग आमच्या गावी, पाथरी तालुक्यात, देवळामागच्या लिंबाखाली संध्याकाळी चौघं जण खेळत होते तिथे जाऊन बसलो. रेंज तिथेच यायची. शंभर माणसं एका बेटावर उतरतात आणि सुरक्षित वर्तुळ आकसत जातं, हे बघितल्यावर कळलं की बंदूक हा त्यातला दुय्यम भाग आहे. खरा खेळ वर्तुळाचा. लपून बसणाऱ्यालाही उठायला लावणारा एक साधा नियम. तो कुठल्या मोठ्या कंपनीच्या चित्रकारांनी काढलेला नाही; ब्रेंडन ग्रीन नावाच्या एका आयरिश माणसाने आधी दुसऱ्यांच्या गेममध्ये फेरफार करत करत ते सगळं जुळवलं. काउंटर-स्ट्राइकही तसाच, १९९९ मध्ये दोन पोरांनी हाफ-लाइफमध्ये केलेली उचापत. डोटा हा गेम म्हणजे वॉरक्राफ्ट या गेमसाठी खेळणाऱ्यांनीच बनवलेला नकाशा. नवं पुष्कळ निघालं, पण ते या परसदारातून आलं.

मधेच एक चीड येणारी गोष्ट. २०१४ च्या ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’ गेममध्ये तुला मारणारा शत्रूचा साधा सैनिक बढती मिळवून सरदार होतो आणि पुढच्या भेटीत ओळख दाखवतो, टोमणा मारतो. काय सुंदर कल्पना! वॉर्नर ब्रदर्सने तिचं पेटंट मागितलं आणि २०२१ मध्ये ते मिळालं. गेम लोड होईस्तोवर छोटा गेम खेळू द्यायचा, यावरही नामको कंपनीचं पेटंट होतं, ते २०१५ ला संपलं. तोवर बाकीच्यांनी आपल्याला पांढरी पट्टी सरकताना बघायला लावलं. विटीदांडूवर कुणी पेटंट घेतलं असतं तर आपण काय केलं असतं?

आता कार्डाचं. पन्नास हजार म्हणजे क्विंटलला सात हजारांनी धरला तर सात क्विंटलच्या वर कापूस, वेचणीची मजुरी वेगळी. बाबा देतो म्हणालेत, ते देतीलही. पण तू स्वतःच लिहिलंयस की रूममेटच्या पीसीवर दोन तासांत कंटाळलास. मग तेच कार्ड तुझ्या टेबलाखाली आल्यावर किती तास टिकेल? व्हिडिओ एडिटिंग किंवा एआयचं काम शिकायला लागणार असेल तर वेगळी गोष्ट, तसं मला परत लिही.

तोवर आहे त्या लॅपटॉपवर तीन गेम खेळ. पहिला ‘पेपर्स, प्लीज’, २०१३ चा. तू सीमेवरचा कारकून. लोक कागद घेऊन येतात, तू शिक्का मारायचा किंवा परत पाठवायचं. चुकलास की पगार कापला, पगार कापला की घरी पोरगं उपाशी. तहसीलच्या खिडकीबाहेर आपण रांगेत बरीच वर्षं उभे राहिलो. आतल्या बाजूला बसल्यावर माणूस कसा होत जातो ते हा गेम दाखवतो. दुसरा त्याच माणसाचा, ल्यूकस पोपचा, २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. सबंध गेम दोन रंगांत. एक जहाज, साठ माणसं, प्रत्येकाचं नाव काय आणि तो कसा गेला ते तू शोधायचं. कुणी बाण दाखवत नाही. तिसरा ‘बलात्रो’, २०२४ चा, एकट्या माणसाने केलेला, नुसते पत्ते. तो रविवारी सुरू कर. परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, पुतण्याच्या अनुभवावरून सांगतो.

आणि तू मोठा झालास का? झालास. व्हाइस सिटी खेळलास तेव्हा तू खरी मुंबईसुद्धा बघितली नव्हतीस बहुतेक. ते बघणं एकदाच असतं, ते कुठलंही कार्ड परत देणार नाही. पण पाचव्यांदा बाणामागे जाताना कंटाळा येतो, तो वयाचा नाही.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. फोन चांगला असूनही तो बीजीएमआय (पबजीचीच भारतातली आवृत्ती) खेळताना चित्र मुद्दाम खराब करून ठेवतो. विचारलं तर म्हणतो सगळे असंच ठेवतात. फोनमध्ये काही बिघाड आहे का, की आमच्यापासून काही लपवतोय?
– एक आई, लातूर

उत्तर : ताई, बिघाड नाही आणि लपवाछपवीही नाही. त्या गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स ‘स्मूथ’ म्हणजे सगळ्यात साधं ठेवलं की फोनवरचा भार हलका होतो आणि सेकंदाला जास्त चित्रं दाखवता येतात. हलणारा माणूस क्षणभर आधी दिसतो, बोट लावल्या लावल्या गोळी सुटते, फोनही कमी तापतो. मुरलेले खेळाडू हेच करतात. काउंटर-स्ट्राइक बक्षिसांसाठी खेळणारे व्यावसायिकसुद्धा महागडा पीसी असताना चित्र जुन्या चौकोनी आकारात, कमी ठिपक्यांवर ठेवतात. वरच्या पत्रातल्या विद्यार्थ्याला मी दोन पानं लिहिली, ते तुमच्या मुलाने एका सेटिंगमध्ये सांगितलं.

रात्री किती वाजेपर्यंत खेळतो, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. तो मात्र विचारा, मला नाही, त्याला.

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यातल्या शाळेत शिक्षक आहे. सातवी-आठवीच्या मुलांना गेम बनवायला शिकवायची इच्छा आहे. शाळेत चार जुने कॉम्प्युटर आहेत, त्यातले दोन सुरू होतात. ग्राफिक्स चालणार नाहीत. काय करता येईल?
– एक शिक्षक, जि. बीड

उत्तर : सर, दोन सुरू होतात म्हणजे तुम्ही श्रीमंत आहात. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पजित्नोव्हने टेट्रिस केला, त्या इलेक्ट्रॉनिका ६० मशीनला चित्र काढताच येत नव्हतं, फक्त अक्षरं. त्याने चौकटी कंसांनी काढल्या. उघडा कंस, बंद कंस, झाली वीट. आधी तो पाच चौकोनांच्या तुकड्यांचं कोडं डोक्यात घेऊन बसला होता, ते फार गुंतागुंतीचं होतंय म्हणून चारांवर आला, आणि चारांचे सात आकार माणसाच्या डोक्यात बरोबर मावले.

पण पहिले पंधरा दिवस कॉम्प्युटर झाकूनच ठेवा. तुमच्याकडे एखाद्या जुन्या देवळाच्या ओट्यावर नवकंकरीचा पट कोरलेला असेल, आमच्या गावात आहे. नसेल तर फरशीवर खडूने काढा. एकात एक तीन चौकोन, मधून जोडलेल्या रेघा, चोवीस ठिकाणं, प्रत्येकाला नऊ खडे. तीन खडे एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. मुलांना दोन दिवस तसंच खेळू द्या. मग सांगा, एक नियम बदला, एकच. आमच्यात एक नियम असा होता की ज्याच्याकडे तीनच खडे उरले त्याला कुठूनही कुठे उडी मारता येते. एवढ्याने हरणारा एकदम वाघ व्हायचा आणि जिंकणारा त्याचा चौथा खडा उचलायला घाबरायचा. मुलं आधी भलते नियम काढतील, खेळ दोन मिनिटांत मोडेल, भांडणं होतील. होऊ द्या. कुठल्या नियमाने मोडला ते फळ्यावर लिहून ठेवा, त्याचा उपयोग पुढे होतो.

त्यानंतर त्या दोन कॉम्प्युटरवर स्क्रॅच टाका, फुकट आहे. त्यात पुढे गेलेल्या एखाद्या मुलासाठी गोडो नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम काढला, आपल्या पुराणकथांवरचा. तो मुलांना दाखवा, पण शेवटी. आधी दाखवलात तर सगळे देवळाचे खांबच काढत बसतील. बंद पडलेले दोन कॉम्प्युटर परभणीकडे कुणी येत असेल तर पाठवून द्या. बहुधा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, गेला असेल, जुना काढून ठेवलेला माझ्याकडे आहे, बसवून देतो.

मुलांनी काही केलं की कळवा. फोटो नको. नियम लिहून पाठवा, मी आणि पुतण्या इथे गाळ्यात फरशीवर खेळून बघतो.